पाण्याला हाकलणारे गाजुल सर

सोलापुरात नळाला पाणी येतं ते पाहुण्यासारखं. फरक इतकाच की पाहुणे न कळवता येतात आणि पाणी कळवूनही येत नाही. आमच्या शुक्रवार पेठेत नळ फुसफुसायला लागला की गल्लीभर हाका सुरू होतात, माणसं ऑफिसला उशीर करतात, आणि पिंपापासून फुलदाणीपर्यंत घरात जे जे पोकळ असेल ते भरून घेतलं जातं. अशा गावात एका माणसाने आपली हयात पाण्याला हाकलून लावण्यात घालवली आणि गावाने त्याला काही म्हणजे काही केलं नाही. सोलापूरकर किती सोशिक आहेत, याचा मी हाच दाखला देत असतो.

अंबादास गाजुल हे त्या माणसाचं नाव. आमच्या कॉलेजात रसायनशास्त्र शिकवायचे. मी वाणिज्य शिकवतो, आणि कॉलेजात माईक दिसला की सूत्रसंचालन करतो. त्यामुळे आमचा संबंध स्टाफरूममधल्या एका टेबलापुरता होता. पण त्या टेबलावर मी जितकं रसायनशास्त्र शिकलो तितकं वाणिज्य कधी शिकलो नाही.

उंच, किंचित वाकलेले, बारा महिने पांढरा हाफ शर्ट. इतर प्राध्यापकांच्या खिशाला पेन असतं, सरांच्या खिशाला ड्रॉपर असायचा, काचेचा, वर लाल रबराचा फुगा असलेला. समोर काहीही नवं दिसलं की सर ड्रॉपर काढायचे, चहावाल्याने ठेवलेल्या पाण्याच्या ग्लासात बुडवायचे आणि त्या वस्तूवर एक थेंब सोडायचे. नव्या डब्याचं झाकण, परीक्षेची बाकं, शेख मॅडमची पर्स. मग खाली वाकून, डोळा थेंबाच्या पातळीला आणून बघायचे. एकदा हेडक्लार्कच्या टकलावर त्यांनी रीतसर परवानगी मागून थेंब सोडला. हेडक्लार्क डोळे मिटून बसले, जणू अभिषेकच चालला आहे.

"पसरलं," सर म्हणाले. "नव्वदच्या खाली. तेल लावत न्हाई वाटतं तुमी."

हा नव्वद काय प्रकार आहे ते सांगतो, कारण तो कळल्याशिवाय गाजुल सर कळत नाहीत. एखाद्या पृष्ठभागावर थेंब ठेवला की त्याची कड त्या पृष्ठभागाशी एक कोन करते. थेंब पसरून चपटा झाला तर कोन लहान. मण्यासारखा गोल राहिला तर मोठा. हा कोन दीडशे अंशांच्या वर गेला की थेंब तिथे बसतच नाही, जरा कलवलं की पळतो. अळूच्या पानावर पळतो तसा. सरांना असा पळता थेंब हवा होता, आणि तो मॅग्नेशियमच्या पत्र्यावर हवा होता.

"मॅग्नेशियमच का?" असं मी एकदा विचारलं. एवढा एकच प्रश्न विचारायचा अवकाश.

"लई गुणी धातू, देशमाने सर. ॲल्युमिनियमपेक्षा हलका. हाडात त्याचा स्क्रू घाला, हाड जुळलं की स्क्रू आपला आपण विरघळून जातोय, दुसरं ऑपरेशन नको. पण खोड एकच. पाणी दिसलं की ह्यो थांबतच न्हाई. हाड जुळायच्या आधीच संपून बसतोय. लोखंड गंजलं की तांबडं होऊन बोंबलतंय तरी. ह्यो गप पांढरा पडतोय, बुडबुडे सोडतोय आणि खलास. खाऱ्या पाण्यात तर बघवत न्हाई."

हे ते एखाद्या जवळच्या नातेवाइकाबद्दल सांगावं तसं सांगायचे. घरातला हुशार, पण दारूच्या दुकानावरून सरळ घरी न येणारा मुलगा. त्याला एक रेनकोट शिवून द्यायचा, तो पुरेसा दिवस अंगावर टिकायला हवा, आणि तो महागड्या विषारी परदेशी रसायनाचा न करता आपल्या शिवारातल्या करडईच्या तेलापासून करायचा, हे त्यांचं आयुष्यभराचं काम होतं.

माणसं मोजायचा गजही तोच. "आपले प्राचार्य," सर दबक्या आवाजात म्हणायचे, "एकशेपासष्ट. काय बी टाका, चिकटत न्हाई. चौकशी समिती सुद्धा पळून गेली अंगावरनं."

"आणि मी?"

"तुमी पन्नास. कुणी काय बोललं की तुमच्यात मुरतंय, आणि गॅदरिंगच्या दिवशी माईकमधनं बाहेर पडतंय."

मला हे मान्य होतं. आजही मुरलेलंच बाहेर काढतो आहे.

त्यांच्या मुलीच्या लग्नातली गोष्ट अख्ख्या पूर्व भागात ठाऊक आहे. गाजुलांचं घर तिकडचं, तेलुगू विणकरांच्या वस्तीतलं. कार्यालय गच्च भरलेलं, भटजी कन्यादानासाठी मुलीच्या बापाला बोलवतायत आणि बाप गायब. सरांचा धाकटा भाऊ सत्यनारायण, ज्याला सगळे सत्तू म्हणतात, तो घाम पुसत मांडवभर फिरला. शेवटी आम्हाला सर सापडले ते भटारखान्यामागे. जेवणासाठी केळीची पानं धुऊन ठेवली होती. सर नव्या सोवळ्यात उकिडवे बसलेले, हातात एक पान कलतं धरलेलं, आणि शेजारी आचारी, तोही उकिडवा, तोही पानाकडे टक लावून.

"बघा, बघा," सर त्याला सांगत होते, "कडेकडनं बसतंय, मधनं पळतंय. का?"

"का?" आचारी खरोखरच विचारत होता. तिकडे त्याचा मसालेभात लागायला आला होता.

सत्तूने भावाला दंडाला धरून उठवलं. "अण्णा! पोरीचं लगीन हाय!"

"आलो की," सर म्हणाले, आणि पान घडी करून सोवळ्यात खोचलं. कन्यादानाच्या फोटोत ते पान स्पष्ट दिसतं. सासरची मंडळी मराठी, त्यांना तो तेलुगू लोकांचा विधी वाटला आणि त्यांनी पानाला हळदकुंकू वाहिलं.

या सत्तूचा टॉवेलचा कारखाना. वडिलांनी हातमागावर टॉवेल विणले, सत्तूने त्याचे यंत्रमाग केले. दोघं भाऊ एकाच घरात, वर-खाली. सत्तू सगळ्यांना सांगायचा, "आमच्या बापानं पाणी प्यायचं कापड इणलं, मी बी तेच इणतोय. अण्णानं मात्र पाण्याशी उभा दावा मांडलाय." पण भावाचा त्याला अभिमान होता. नवा माल निघाला की एक गठ्ठा प्रयोगशाळेत पोचता व्हायचा, कारण प्रयोगशाळेला टॉवेल लागायचे.

का लागायचे, तेही सांगतो. सरांचा पत्रा आधी एका द्रावणात बुडवून खरबरीत करायचा, मग करडईच्या द्रावणात बुडवायचा, मग शुद्ध पाण्याने धुवायचा, टिपून कोरडा करायचा आणि भट्टीत तापवायचा. मोठ्या प्रयोगशाळांत टिपायला खास कागद असतो. आमच्याकडे तो कागद मागवायचा तर तीन दुकानदारांची दरपत्रकं लागत, आणि सोलापुरात तो विकणारा दुकानदार एकही नव्हता. सरांनी वर्षभर पत्रव्यवहार केला आणि मग घरचा टॉवेल आणला. त्यातही त्यांची काटेकोर पद्धत होती. टॉवेल कोरा करकरीतच हवा, एकदाही न धुतलेला. धुतला तर त्यात साबण राहणार, आणि आपल्या बोअरच्या पाण्यातला क्षार राहणार. तो क्षार पत्र्याला लागला की मॅग्नेशियम गेलंच. म्हणून दर वेळी नवी घडी मोडायची. इतकी शुद्धता पाळणारा माणूस मी देवघरातसुद्धा पाहिलेला नाही.

आणि एक दिवस थेंब पळाला.

मी वर्गात हिशेबातला घसारा शिकवत होतो. व्हरांड्यातून सर येताना दिसले, दोन्ही हातांत पत्रा आरतीच्या तबकासारखा धरलेला. वर्गात शिरून त्यांनी तो माझ्या टेबलावर ठेवला, ड्रॉपर काढला, थेंब सोडला. थेंब पत्र्यावर पडला, उडाला, टणटण उड्या मारत गेला आणि माझ्या हजेरीपटावर जाऊन फुटला.

"पळालं," सर म्हणाले.

मुलांनी टाळ्या वाजवल्या. घसारा थांबला म्हणूनही वाजवल्या असतील.

त्यानंतरचं वर्ष सरांचं होतं. पत्रे मिठाच्या पाण्यात टाकले तरी पहिले काही दिवस बुडबुडा येईना. संशोधनाचा लेख परदेशी नियतकालिकात छापून आला. प्राचार्यांनी कॉलेजच्या माहितीपत्रकात सरांचा फोटो आपल्या फोटोच्या खाली, पण मोठ्या मनाने रंगीत छापला. आणि प्रोफेसरपदाचा विषय निघाला. सर सहयोगी प्राध्यापक होते. आमच्याकडे प्रोफेसर ही शेवटची पायरी, त्या पायरीला मुलाखत असते, आणि सरांची निवृत्ती इतकी जवळ आली होती की ही मुलाखत गेली तर पुन्हा नव्हती. त्यांना तशी हाव कसलीच नसे, पण हे हवं होतं. एकदा चहा पिताना ते फक्त एवढंच म्हणाले, "दारावरची पाटी बदलली तर बरं दिसंल. बापाला अक्षर येत नव्हतं, देशमाने सर." आणि लगेच बशीवर थेंब सोडून विषय बदलला.

मुलाखतीची तारीख लागली आणि पुण्याहून फोन आला. तिकडच्या एका मोठ्या प्रयोगशाळेतल्या बाईंनी सरांची कृती वाचून पत्रे केले होते. थेंब पळत नव्हता. "बसतोय," त्या म्हणाल्या. "छान बसतोय, पण पळत नाही."

सर स्वतः पुण्याला गेले. आपलं द्रावण नेलं, आपले पत्रे नेले, चिमटासुद्धा आपला नेला. सगळं स्वतःच्या हाताने केलं. थेंब बसला तो बसलाच. त्या बाई भल्या, त्या म्हणाल्या, "हवेतल्या दमटपणाचा फरक असेल." सर परत आले ते उतरलेल्या चेहऱ्याने. सोलापूरची हवा कोरडी म्हणून शोध लागला आणि पुण्यात लागला नाही, हे मला अगदी पटलं. मी तर सोलापूरच्या हवेवर एक छोटं भाषणही मनात तयार केलं. सरांना मात्र पटलं नाही.

पुढच्या आठवड्यात एका सकाळी ते स्टाफरूममध्ये आले ते चिंब. शर्ट पाठीला चिकटलेला, केसांतून पाणी गळतंय. पाऊस नव्हता. बाहेर ऊन रणरणत होतं.

"काय झालं सर? टँकर अंगावर आला काय?" मी विचारलं.

त्यांनी पिशवीतून एक नवा टॉवेल काढला, गुलाबी, काठाला मोर. टेबलावर पसरला. खिशातून ड्रॉपर काढला. माझ्या ग्लासातलं पाणी घेतलं आणि टॉवेलवर थेंब सोडला.

थेंब टॉवेलवर बसला. गोल, टपोरा, चकचकीत. मुरायचं नाव घेईना.

शेख मॅडम पदार्थविज्ञानाच्या. पेपर तपासता तपासता त्यांनी चष्मा वर केला. "सर," त्या म्हणाल्या, "ये टॉवेल है क्या छत्री?"

"सकाळी पाणी आलं," सर म्हणाले. "आंघोळ केली. गठ्ठ्यातला नवा टॉवेल घेतला. पुसतोय, पुसतोय, पाणी हाय तितंच हाय. पाठीवरनं नुस्तं इकडचं तिकडं सरकतंय." ते खुर्चीत बसले. खुर्ची ओली झाली. "घरात बायको वरडायली, कपडे तरी घाला. मी म्हटलं थांब. माझं काय तरी चुकलंय."

आम्ही तिघंही त्या थेंबाकडे बघत राहिलो. तासाची घंटा झाली. थेंब तसाच.

सत्तूच्या कारखान्यात मी मुद्दाम त्यांच्याबरोबर गेलो, कारण असे प्रवेश मी चुकवत नाही. मागांच्या खडखडाटात सत्तूने आम्हाला ओरडून चहा सांगितला. सरांनी टॉवेल पुढे केला.

"ह्याला काय लावतोस?"

सत्तूचा चेहरा फुलला. "कळलं नव्हं? सॉफ्टनर हाय अण्णा, सिलिकॉनचा! हात लाव की, लोण्यासारखं लागतंय!"

"पाणी पीत न्हाई ते."

"पितंय की. दोन-चार धुण्यांनंतर पितंय."

"आणि तवर?"

"तवर मऊ लागतंय." सत्तूने भावाकडे कीव केल्यासारखं पाहिलं. "अण्णा, गिऱ्हाईक दुकानात टॉवेल हातानं बघतंय. आंघोळ करून बघत न्हाई."

"कवापासनं लावतोस?"

सत्तूने सांगितलं. मी मनातल्या मनात हिशेब केला. सरांनी केलेला दिसत होताच. व्हरांड्यातून पत्रा आरतीसारखा आला होता, त्याच्या थोडं आधीचा तो गठ्ठा.

सर लगेच निराश झाले नाहीत. निराश व्हायलासुद्धा त्यांना पुरावा लागायचा. त्यांनी चार तऱ्हेचे पत्रे केले. करडईचं द्रावण लावून टॉवेलने टिपलेले. द्रावण लावून पंख्याखाली वाळवलेले. द्रावण न लावता नुसते टॉवेलने टिपलेले. आणि द्रावणही नाही, टॉवेलही नाही असे. सगळे खरबरीत केलेले, सगळे भट्टीतून काढलेले. मग शेख मॅडमना आणि मला बोलावलं, कारण स्वतःच्या डोळ्यांवर त्यांचा भरवसा उरला नव्हता.

पहिल्या पत्र्यावर थेंब पळाला. दुसऱ्यावर बसला. चौथ्यावर पार पसरला. आणि तिसऱ्यावर, ज्याला सरांचं द्रावण लागलंच नव्हतं, थेंब असा पळाला की शेख मॅडमच्या ओढणीवर गेला.

सरांच्या आयुष्यभराच्या करडईच्या तेलाने यात काही केलं नव्हतं. सत्तूच्या मोराच्या टॉवेलने केलं होतं; टिपताना त्याचा सिलिकॉन पत्र्याला लागत होता, आणि पुण्यात टिपायला कागद होता. मॅग्नेशियमला हवा होता तो रेनकोट एका टॉवेलने शिवला होता.

"आणि टिकंल म्हणावं तर," सर म्हणाले, "ते बी न्हाई. दोन-चार धुण्यात जातंय म्हणतोय सत्तू. मिठाच्या पाण्यात तरी किती दम धरणार? हाड जुळंपर्यंत तर न्हाईच."

मुलाखत तोंडावर होती. आता सगळ्यांनी सरांना समजवायला सुरुवात केली. प्राचार्यांनी केबिनमध्ये बोलावलं, दार लावून घेतलं, आणि फार सुंदर बोलले. "गाजुल सर, सत्य बोलू नका असं मी म्हणत नाही. सत्य बोलाच. फक्त मुलाखत झाल्यावर बोला. सत्याला काय, आठवड्याने काय फरक पडतो?" सर परत येऊन मला म्हणाले, "एकशेपासष्ट म्हणालो होतो. चुकलं. एकशेसत्तर."

सत्तू वेगळ्याच कारणाने पेटला होता. तो थेट कॉलेजात आला. "अण्णा, बाहेरचे लोक येणार, त्यांच्या म्होरं माझ्या मालाची बदनामी करणार काय तू? टॉवेल पाणी पीत न्हाई म्हणून सांगणार? ऊरको, अण्णा. गप बस. मी समाजाचा हॉल घेतलाय. फ्लेक्स छापायला टाकलाय, प्रोफेसर म्हणून. जेवण सांगितलंय!"

"हॉल कशाला घेतलास आधीच?"

"नंतर मिळत न्हाई! लग्नसराई हाय!"

सर खिशातला ड्रॉपर बोटांनी फिरवत राहिले.

मुलाखतीच्या दिवशी निवड समितीचे तीन साहेब आले. आपल्या गावाची रीत आहे, पाहुण्याला खांद्यावर टॉवेल आणि डोक्यावर टोपी घातल्याशिवाय आपण त्याला पाणीसुद्धा विचारत नाही. रीतीप्रमाणे मी माईक हातात घेतला. सभागृहात स्टाफ जमला होता, कारण मुलाखतीआधी सरांनी आपल्या कामावर सगळ्यांसमोर बोलायचं होतं. आणि टॉवेल कुणाचे? प्राचार्यांनी सवयीने सत्तूकडेच सांगितले होते. गुलाबी, काठाला मोर. तिन्ही साहेबांच्या खांद्यांवर ते झळकत होते. अध्यक्ष जाडसर, गंभीर. त्यांनी टॉवेलवरून सहज हात फिरवला आणि त्यांचा चेहरा निवळला. मऊ होता ना.

सर उठले. पडद्यावर त्यांच्या लेखाचं नाव आलं. त्यांनी मॅग्नेशियमबद्दल सांगितलं, करडईबद्दल सांगितलं, पळणाऱ्या थेंबाचा फोटो दाखवला. मग थांबले. प्राचार्यांनी खुर्चीचे हात घट्ट धरले.

"ह्या निष्कर्षात एक चूक हाय," सर म्हणाले. "आणि ती चूक आत्ता साहेबांच्या खांद्यावर हाय."

सभागृहात कुणीतरी खोकलं. सर व्यासपीठावरून उतरले, अध्यक्षांसमोर गेले, "परवानगी असंल तर," म्हणाले आणि परवानगी मिळायच्या आत त्यांच्या खांद्यावर थेंब सोडला. थेंब मोराच्या पिसाऱ्यावर गोल बसला. अध्यक्षांनी मान वळवून पाहिलं. दुसरे दोन साहेब वाकले. अध्यक्षांनी खांदा किंचित हलवला, आणि थेंब घरंगळून त्यांच्या मांडीवर पडला.

"हे माझं संशोधन," सर म्हणाले. "खरं म्हणजे माझ्या भावाचं हाय."

मग त्यांनी चारही पत्रे टेबलावर मांडून सगळं दाखवलं. मी हातातला माईक मुकाट्याने बंद केला. त्या माईकच्या आयुष्यातली ती एकमेव वेळ असावी.

"मग तुमच्या द्रावणाचं काय?" अध्यक्षांनी विचारलं.

"थोडं करतंय. थेंब बसतोय. पळत न्हाई."

दुसरे साहेब तरुण होते, चुणचुणीत. "सर, सॉफ्टनरलाच कोटिंग म्हणा की! नवा लेख होईल."

"टिकत न्हाई साहेब. टिकत न्हाई त्याला कोटिंग कसं म्हणायचं?"

अध्यक्ष आपल्या मांडीवरच्या ओल्या डागाकडे बघत होते. मग हळू आवाजात म्हणाले, "हे तुम्ही निवड झाल्यावर कळवलं असतंत तरी चाललं असतं, गाजुल."

"तवा मी प्रोफेसर झालो असतो," सर म्हणाले. "प्रोफेसरला स्वतःची चूक लवकर सापडत न्हाई, साहेब."

तिघेही साहेब प्रोफेसर होते. निवड झाली नाही.

लेख सरांनी स्वतः कळवून मागे घेतला. आणि हॉलचं काय? हॉल घेतलेला होता, जेवण सांगितलेलं होतं, फ्लेक्स लागलेला होता. सत्तूने सत्कार करूनच टाकला. फ्लेक्सवर सर प्रोफेसर होते आणि फ्लेक्सखाली सर पाहुण्यापाहुण्याला गाठून सांगत होते, "झालो न्हाई हं. न्हाई झालो मी." लोक त्यांचा हात हातात घेऊन म्हणत होते, "केवढा साधा माणूस!" एका म्हाताऱ्या आजीने तर त्यांच्या तोंडावरून हात फिरवून कडाकडा बोटं मोडली. सर माझ्याकडे हताशपणे बघत होते. त्या दिवशी त्यांची कबुली कुणाच्याही अंगाला चिकटत नव्हती.

सत्तू भावाशी बरेच दिवस धुसफुसत होता. पण अध्यक्ष महाशयांनी जाता जाता प्राचार्यांमार्फत आणखी टॉवेल मागवून घेतले, पत्नीला फार आवडतील म्हणून, हे कळलं आणि तो निवळला. "सांगितलं होतं की न्हाई," तो मला म्हणाला, "गिऱ्हाईक हातानं बघतंय."

सर त्यानंतर वर्षभर आमच्यात होते. आता ते मुलीकडे हैदराबादला असतात. त्या वर्षात त्यांनी प्रयोगशाळेत टॉवेल येऊ दिला नाही. पत्रे दोऱ्याला टांगून पंख्याखाली वाळायचे, वाळत घातलेल्या कपड्यांसारखे. द्रावण तेच, करडईचं, फक्त त्यात रोज काहीतरी कमी-जास्त. दारावरची पाटी होती तीच राहिली.

शेवटचं पाहिलं ते सुट्टी लागायच्या आधीच्या दुपारी. कॉलेज रिकामं होतं. मी सहज प्रयोगशाळेत डोकावलो. सर खिडकीशी उभे होते. हातात पत्रा, पत्र्यावर थेंब.

"पळालं का?" मी दारातूनच विचारलं.

"न्हाई. बसलंय."

"मग?"

"मग काय. पण कालच्यापेक्षा जरा गोल बसलंय." ते माझ्याकडे वळलेसुद्धा नाहीत. "थांबा, थांबा. बोलू नका."

त्यांनी पत्रा अगदी सावकाश कलता केला. थेंब हलला नाही. आणखी कलता केला. थेंबाचं पोट एका बाजूला लोंबलं, पण पाय सुटला नाही. सर पत्र्यावर वाकले, पत्र्याबरोबर त्यांची मान कलली, मानेबरोबर खांदे कलले. आवाज न करता मी वळलो. जिन्यापाशी जाऊन मागे पाहिलं, तेव्हा तो उंच माणूस पार एका अंगाला झुकून उभा होता, आणि थेंब अजून पडला नव्हता.